दुसऱ्या रिळानंतर

‘पिंजरा’ मी पहिल्यांदा पूर्ण पाहिला तेव्हा पन्नाशी उलटली होती. अर्धा मात्र लहानपणीच पाहिला होता, आणि तोही एकदा नव्हे. ‘सोंगाड्या’ त्याहूनही कमी, ‘सांगत्ये ऐका’ अर्धा, देवाधर्माचे तेवढे जवळजवळ पूर्ण. परळच्या आमच्या चाळीतल्या मुलींची सिनेमाची इयत्ता अशी मध्यंतरापाशीच खुंटलेली. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर मी उत्तरार्धांची थकबाकी वसूल करायला बसले. ती वसूल करताना लक्षात आलं की ‘फॅमिली पिक्चर’ नावाची जी चीज आमच्या घराघरात मानली जायची, ती पडद्यावर ठरतच नव्हती. गल्लीत कोण, कुठे आणि किती वाजेपर्यंत बसणार, यावर ती ठरायची.

आमच्याकडे सिनेमा गणपतीत यायचा. 1893 पासून उत्सव सार्वजनिक झाला त्याच्या मागोमाग मेळे आले. त्यांची पदं, संवाद, त्यांतली टोलेबाजी हेच कितीतरी वर्षं दहा दिवसांचं मुख्य आकर्षण होतं. माझ्या जन्मापर्यंत मेळे मागे पडले होते आणि मांडवापुढे रस्त्यावर पांढरं कापड ताणलं जाऊ लागलं होतं. ते शक्य झालं 16 मिलिमीटरच्या फितीमुळे. थिएटरात चालायची ती 35 मिलिमीटरची जुनी फीत नायट्रेटची, म्हणजे ठिणगी पडली की भडकणारी. तिला पक्की केबिन लागे. 16 मिलिमीटरची फीत कोडॅकने 1923 साली घरगुती वापरासाठी आणली ती पहिल्यापासूनच सहज पेट न घेणारी होती. त्यामुळे तिचं यंत्र एका टेबलावर, भर गर्दीत, पोराटोरांच्या मधोमध ठेवता येई. सिनेमाला थिएटरच्या भिंतींतून बाहेर काढलं ते या अरुंद फितीनं, आणि सिनेमाच्या इतिहासात तिला मान मात्र फारसा कुणी दिलेला नाही.

मंडळाचे कार्यकर्ते डबे आणायला ग्रँट रोडकडे जात. वितरकांच्या कचेऱ्या तिकडेच, नाझ थिएटरच्या इमारतीत आणि आसपास. टॅक्सीतून डबे उतरले की आम्ही त्यांवरची चिठ्ठी वाचायला धावायचो. पडदा चाळीच्या गॅलरीपासून समोरच्या बिल्डिंगच्या खांबापर्यंत बांधलेला. पुढच्या बाजूला सतरंज्या, त्यांवर बायका आणि मुलं. कडेला बाकडी, ती समितीच्या लोकांची. उशिरा येणारे आणि दुसऱ्या गल्लीतले पडद्याच्या मागे बसत. तिथून चित्र दिसायचं पण उलटं आणि जरा फिकट: नावं उजवीकडून डावीकडे, पाटलाच्या हातातली काठी डाव्या हातात. वारा सुटला की कापड फुगायचं आणि नायिकेचं नाक रुंद व्हायचं. सप्टेंबरची एखादी सर आली तर आधी यंत्रावर ताडपत्री, मग माणसांनी आपापलं बघायचं.

यंत्र एकच. 16 मिलिमीटरची फीत मिनिटाला 36 फूट पळते, म्हणजे 1600 फुटांच्या रिळाला पाऊण तास लागतो. अडीच-पावणेतीन तासांचा सिनेमा चार रिळांत बसे, आणि प्रत्येक रीळ संपलं की दिवे लागत. ऑपरेटर नवं रीळ चढवायचा, फितीचं टोक दातऱ्यांवरून ओवून खालच्या रिकाम्या चाकात खोचायचा, तोंडात विडी तशीच. तोवर शेंगदाण्यांच्या पुड्या, रडणारी पोरं, आणि माइकवरून वर्गणीदारांची नावं. आरती आटोपून सिनेमा सुरू व्हायलाच साडेनऊ वाजत. दुसरं रीळ संपेपर्यंत अकरा वाजून गेलेले असायचे. तेव्हा गॅलरीतून हाका सुरू होत. दहा वर्षांवरच्या मुली वर. मुलगे तिथेच.

माझे वडील गिरणीत दुसऱ्या पाळीला असले की मध्यरात्री सुटत. चालत घरी येईतो चौथं रीळ अर्ध्यावर आलेलं असे. मग ते वर न येता डबा हातात धरून पडद्यामागेच उभे राहत. त्यामुळे घरात मला सुरुवाती ठाऊक आणि त्यांना शेवट. मधलं तिसरं रीळ फक्त भावाला माहीत होतं. तो ते सांगायचे पैसे मागायचा.

कोणता सिनेमा आणायचा याची बैठक श्रावणातच व्हायची. ‘फॅमिली’ हा शब्द तिथे पंधरा वेळा तरी ऐकू यायचा. भक्तिपट बिनविरोध मंजूर. सामाजिक म्हणजे रडका, तोही चाले. खरी जुंपायची दादा कोंडक्यांवरून. तरुण पोरं म्हणत, नायगाव-लालबागचा माणूस, ‘अपना बाजार’मध्ये नोकरी केलेला, त्याचा सिनेमा आपण नाही लावायचा तर कुणी? वडीलधारे म्हणत, बायकापोरींसमोर तसले संवाद नकोत. शेवटी तडजोड अशी निघे की दादा लावायचे, पण त्या रात्री मुलींना पहिल्या रिळानंतरच वर न्यायचं.

आता ‘सोंगाड्या’ (1971) सबंध पाहिल्यावर या तडजोडीचं हसू येतं. गोष्ट वसंत सबनिसांची. भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो, आई त्याला घराबाहेर काढते, आणि मग पोराचा जीव आईसाठी तुटत राहतो. रत्नमालाबाईंची ती आई म्हणजे आमच्या समितीतल्या कुठल्याही सभासदाहून कडक. चावट बोलणं जे काही आहे ते सुरुवातीपासूनच आहे, म्हणजे आम्ही ऐकलंच होतं. आमच्यापासून जपून ठेवलं होतं ते आईचं रडणं.

‘पिंजरा’चं उलट. 1972 चा हा चित्रपट व्ही. शांतारामांनी केला तो जर्मन ‘ब्लू एंजल’ (1930) वरून. शांतारामांनी त्याला तमाशाच्या मातीत असा रुजवला की मूळ परदेशी आहे हे सांगूनही पटू नये. माझ्या अर्ध्या ‘पिंजऱ्या’त डॉ. लागूंचे मास्तर म्हणजे गावाला शिस्त लावणारा, तमाशाच्या फडाला हुसकून लावणारा करारी माणूस. त्यांचा पाय घसरायच्या बेताला यायचा आणि नेमकी वरून हाक यायची. आमच्या शाळेतल्या एका सरांना आम्ही मुली ‘पिंजऱ्यातले मास्तर’ म्हणायचो, ते कौतुकानं. मुलगे त्या नावाला का फिदीफिदी हसतात, ते मला कळायचं नाही.

उत्तरार्धात काय आहे? मास्तर फडाबरोबर गावोगाव फिरतात, हातात तुणतुणं घेऊन मागे उभे राहतात. इकडे गावाला वाटतं त्यांचा खून झाला. गाव त्यांचा पुतळा उभारतं, त्याला हार घालतं. आणि शेवटी त्याच मास्तरांवर मास्तरांच्याच खुनाचा खटला चालतो. ते तोंड उघडत नाहीत, कारण उघडलं तर पुतळा पडेल. ‘ब्लू एंजल’मधला प्राध्यापक आपल्या जुन्या वर्गात, टेबलाला मिठी मारून मरतो, ते दुःख त्याचं एकट्याचं. शांताराम आणि त्यांचे लेखक हा शेवट गावावर आणून सोडतात. मला हा बदल मुळाहून सरस वाटतो. लागूंचा त्या कोर्टातला चेहरा पाहताना मी रिमोट खाली ठेवला. नृत्यं मला आता लांबलेली वाटतात, संध्याबाईंचा अभिनय काही ठिकाणी फारच ठसठशीत वाटतो. पण पुतळ्याची ती कल्पना! आणि नेमकी तीच आम्हा मुलींना चाळीने दिली नाही. निम्मं कुटुंब झोपायला पाठवून आमच्याकडे सहकुटुंब चित्रपट पाहिला जात होता.

‘सांगत्ये ऐका’ची (1959) गोष्ट साधारण अशीच. पुण्याच्या ‘विजयानंद’मध्ये तो 131 आठवडे चालला, जयश्री गडकर त्यातून घराघरात पोचल्या, आणि पुढे हंसा वाडकरांनी आत्मचरित्राला हेच नाव दिलं. गाणी, नाच, बैल, शेत एवढं मला पाठ होतं. पाटलाच्या पापाचा पाढा भर फडात, त्याच्या तोंडावर वाचला जातो, तो भाग तिसऱ्या-चौथ्या रिळातला. नाव ‘सांगत्ये ऐका’, आणि सांगायची वेळ आली की ऐकणाऱ्या मुली वर.

भक्तिपटांना आम्हाला पूर्ण बसू देत, पण तिथे झोप आडवी यायची. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) मी आईच्या मांडीवर डोळे मिटूनच ऐकला असावा. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झालेला चित्रपट म्हणून पुढे नाव वाचत राहिले आणि पाहायचं टाळत राहिले, कारण त्यात चमत्कार असणार, टाळ असणार. पाहिला तेव्हा चकितच झाले ते गौरी यांच्या जिजाईनं. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा विठ्ठलात गुंग. ही बाई पोराला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन पांडुरंगाला जाब विचारते. दामले-फत्तेलालांनी तिला ना कजाग केलंय, ना मागाहून पश्चात्ताप करायला लावून पवित्र केलंय. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम तिच्यापुढे आणखी मऊ दिसतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावर अशा दोन तरी जिजाया होत्या. सिनेमा चालू असताना त्या सगळ्यात पुढे बसायच्या, आणि त्यांना तिथून उठवायची कुणाची छाती नव्हती.

गल्लीत पडदा लावायची ही प्रथा मोडली कशी? 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या गणपतीत पावतीपुस्तकं निम्मी कोरी राहिली आणि आमच्याकडे पडदा लागला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दूरदर्शन रंगीत झालं. पुढे ज्यांच्याकडे पैसे होते ते एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्यानं आणू लागले, तीन कॅसेटी सकाळपर्यंत संपवायच्या या बोलीवर. गल्लीचा सिनेमा दहा बाय बाराच्या खोलीत शिरला. त्यानंतरही काही मंडळांनी पडदा नेटानं लावला, पण 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहाला कर्णे बंद करायची वेळ आली. अंधार पडल्याशिवाय पडदा दिसत नाही, आरतीशिवाय सुरुवात होत नाही. दहाच्या आत पहिलं रीळही पुरतं बसत नाही.

‘अशी ही बनवाबनवी’ 23 सप्टेंबर 1988 ला आला, म्हणजे हे सगळं ओसरताना. तो मी कुणाच्याही हाकेशिवाय पाहिला, पण सलग असा नाहीच. 1999 मध्ये ‘अल्फा मराठी’, 2007 मध्ये ‘झी टॉकीज’ आलं आणि हा चित्रपट येताजाता, भाजी निवडताना, कधी मधूनच कधी शेवटून दिसत राहिला. गाजला तो थिएटरात, पण आज लग्नाच्या पंगतीत लिंबू कलरच्या साडीचा नुसता उल्लेख झाला तरी तीन पिढ्या हसतात, ती कमाई टीव्हीवरच्या पुनःपुन्हा लागण्याची आहे.

अलीकडे त्याचं मूळ, हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ (1966), लावून पाहिला आणि लगेच पाठोपाठ ‘बनवाबनवी’ लावला, या वेळी फोन बंद करून. खोलीसाठी बायकांचं सोंग घेणारी हिंदीतली मंडळी सज्जन आहेत, साडी नेसूनही सज्जनच राहतात. सबनिसांच्या लेखणीतली चौकडी जास्त बेरकी आहे, आणि अशोक सराफांचा धनंजय माने तर खोलीसाठी कुणालाही काहीही सांगेल. पहिल्या वीस मिनिटांत सगळी गंमत आहे ती भाड्याच्या जागेची. सुधीर जोशींचा घरमालक खोली सोडायला लावण्यासाठी जे जे करतो ते पाहताना माझी सून पोट धरून हसत होती. मी तितकी हसले नाही. भाडं थकलेल्या बिऱ्हाडाशी मालक कसा बोलतो ते मी परळला संपाच्या वर्षी दाराआडून ऐकलंय, आणि सबनिसांनी त्यात वाढवलेलं फार थोडं आहे.