गळकं छत आणि १०० वर्षांची वसुली

मुंबईतल्या जुन्या चाळीत पावसाळ्यात छत गळायला लागलं, की पहिला प्रश्न : खर्च कोणी करायचा? कायदा म्हणतो, मालकाने. पण १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. सिमेंट आणि मजुरी मात्र वाढत गेली. ‘एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू?’ हे मालकाचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. शेवटी १९६९ साली सरकारने कायदा करून दुरुस्ती उपकर लावला.

मला मात्र १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ जास्त बोलकं वाटतं. नोटीस देऊनही १५ दिवसांत मालक हलला नाही, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. छान! पण वर्षभरात जास्तीत जास्त भाड्याच्या एक चतुर्थांश इतकाच.

आता हिशेब करू. समजा भाडं महिना ५० रुपये. वर्षाचे ६००, वजावट १५०. गळती काढायला १५,००० रुपये लागले, तर वसुलीला १०० वर्षं! तोवर छत पुन्हा किती वेळा गळेल ते सोडाच. मग वर ताडपत्री येते आणि खाली बादली.