डोके कोणाचे?

पाडव्याच्या मुहूर्तावर घरी नवी दुचाकी आली, की आपल्याकडे तिचे स्वागत नव्या सुनेसारखे होते. तिला हळदकुंकू लागते, झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि घरातले धाकटे पोर पुढे उभे राहून पहिला फेरफटका मारून येते. गाडीबरोबर मिळालेले हेल्मेट मात्र या सोहळ्यात कोठेच नसते. ते त्याच दिवशी माळ्यावर जाते, आणि पुढे चौकात पोलीस उभे असल्याची वार्ता आली म्हणजेच खाली उतरते. या बिचाऱ्या टोपावरून जगात केवढे रण माजले, किती खटले उभे राहिले, किती कायदे बदलले आणि एक म्हातारा शिक्षक तुरुंगात कसा मेला, ती हकीगत आज सांगावयाची आहे. सणासुदीला डोके फुटण्याच्या गोष्टी काढल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. गोष्ट डोक्याची असली तरी प्रश्न स्वातंत्र्याचा आहे.

कथेचा आरंभ एका मोठ्या माणसाच्या मरणाने होतो. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात, आपल्या घराजवळच्याच रस्त्यावर, ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून जगाला ठाऊक असलेला टी. ई. लॉरेन्स ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून भरधाव येत होता. समोर सायकलींवर दोन मुले अचानक दिसली. त्यांना वाचविण्यासाठी त्याने गाडी वळविली आणि तो दूर फेकला गेला. सहा दिवस बेशुद्धीत काढून १९ मे रोजी, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो गेला. वाळवंटातल्या युद्धातून जो जिवंत परतला, तो घरापासून हाकेच्या अंतरावर पडला!

त्याच्या उशाशी जे डॉक्टर बोलावले गेले, त्यांत ह्यू केर्न्स हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला मेंदूचा शस्त्रवैद्य होता. त्या मरणाचा त्याच्या मनावर फार परिणाम झाला. पुढे महायुद्ध पेटले. लष्कराचे निरोप पोचविणारे मोटारसायकलस्वार दिवे मालवलेल्या रस्त्यांवर धडाधड मरू लागले. केर्न्सने त्यांच्या डोक्यांच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. टोप घातलेल्या स्वारांचे अपघात त्याला सातच सापडले, पण त्या सातांपैकी एकही दगावला नव्हता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लष्कराने आपल्या स्वारांना टोपाची सक्ती केली.

लष्करात हुकूम चालतो. नागरिकांचे तसे नाही. केर्न्स १९५२ साली वारला, आणि त्यानंतर एकवीस वर्षांनी, १ जून १९७३ रोजी, ब्रिटनमध्ये प्रत्येक मोटारसायकलस्वाराला हेल्मेट बंधनकारक झाले. तत्पूर्वी एप्रिलमध्ये पार्लमेंटात त्यावर वाद झाला, तेव्हा इनॉक पॉवेल या सभासदाने कडाडून विरोध केला. त्याच्या मते जीव वाचविण्यापेक्षाही व्यक्तीच्या स्वातंत्र्याचे तत्त्व मोठे होते. विचार जुनाच होता. दुसऱ्याला इजा होत नसेल तर समाजाने माणसाच्या वर्तनात हात घालू नये, हे मिल्लने १८५९ साली सांगितले होते, आणि आगरकरांच्या पिढीने तो मिल्ल आपल्याकडे मोठ्या भक्तीने वाचला होता. त्याच वर्षी ब्रिटनमधील स्वारांनी ‘मोटारसायकल अॅक्शन ग्रुप’ नावाची संघटना काढली. हेल्मेट वाईट आहे असे तिचे म्हणणे नव्हते. ते घालावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, एवढाच तिचा हट्ट होता.

या लढ्यात पहिले यश मिळाले ते आपल्या पंजाबच्या माणसांना. पगडीवर हेल्मेट बसत नाही, आणि पगडी उतरविणे शीख माणसाला धर्माने मान्य नाही. एका शीख गृहस्थाला १९७३ ते १९७६ या काळात वीस वेळा दंड झाला. न्यायालयात दाद मागावी, तर उत्तर मिळे की मोटारसायकलवर बसलेच पाहिजे अशी सक्ती कोणी केली आहे? तर्क बिनतोड होता, पण त्याने कोणाचे समाधान झाले नाही. तेव्हा मंडळींनी कोर्टाची पायरी सोडून पार्लमेंटची धरली. दोन्ही महायुद्धांत ब्रिटनसाठी लढलेले शीख शिपाई पगडी बांधूनच लढले, मरताना त्यांना कोणी लोखंडी टोप घाला म्हटले नाही, या युक्तिवादावर उत्तर देणे गोऱ्या सभासदांना अवघड गेले. साउथॉल भागात शिखांची मोठी वस्ती होती. तेथील सभासद सिडने बिडवेल याने खाजगी विधेयक आणले, आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये चार ओळींचा कायदा झाला: पगडी बांधलेल्या शिखाला हेल्मेटाची सक्ती नाही. न्यायालयात वीसदा हरलेली बाजू कायदेमंडळात एकदाच जिंकली.

आता त्या शिक्षकाकडे वळतो. मी स्वतः फळ्यापुढे उभा राहून पोट भरणारा असल्यामुळे हे प्रकरण मला फार जवळचे वाटते. त्याचे नाव फ्रेड हिल. तो गणित शिकवी. महायुद्धात तोही निरोप पोचविणारा मोटारसायकलस्वार होता, म्हणजे ज्या स्वारांसाठी केर्न्सने जन्म वेचला त्यांतलाच एक. निवृत्तीनंतर हा वृद्ध गृहस्थ हेल्मेटाऐवजी साधी कापडी बेरे टोपी घालून उघडपणे गाडीवर फिरे. पोलीस पकडत, दंड होई, तो दंड भरीत नसे आणि तुरुंगात जाई. सुटून आला की पुन्हा टोपी घालून गाडी बाहेर! असे तीस-एक वेळा झाले. अखेरीस साठ दिवसांची शिक्षा भोगत असता १० फेब्रुवारी १९८४ रोजी लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात हृदयविकाराने तो मेला. वय चौऱ्याहत्तर. मी कादंबऱ्या लिहितो. त्यात असा योगायोग घातला असता तर संपादकांनी तो खोडून काढला असता. ज्याचे डोके वाचविण्यासाठी कायदा झाला, तो त्या कायद्याखालीच तुरुंगात गेला, आणि गेला तो हृदयाने.

अमेरिकेत हाच लढा घाऊक प्रमाणात झाला. १९६६ च्या कायद्याने तेथील केंद्र सरकारने राज्यांना धाक घातला, की हेल्मेटसक्ती करा, नाही तर रस्त्यांच्या अनुदानाला कात्री लागेल. १९७५ पर्यंत सत्तेचाळीस राज्यांनी मान तुकविली. परंतु स्वारांच्या संघटना गप्प बसल्या नाहीत. त्यांनी वॉशिंग्टनपर्यंत धडक मारली, आणि १९७६ साली काँग्रेसने तो धाकच काढून घेतला. मग धरण फुटावे तसे झाले. थोड्याच वर्षांत निम्म्याहून अधिक राज्यांनी सक्ती रद्द तरी केली, किंवा फक्त कोवळ्या वयाच्या स्वारांपुरती ठेवली. मरणाऱ्यांची संख्या त्यामागोमाग चढत गेली. मौज अशी, की जे कॅलिफोर्निया धाकाला कधी बधले नव्हते, त्यानेच १९९२ पासून सर्वांना सक्ती लागू केली.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात हेल्मेटाची सक्ती आहे, आणि त्यातही पगडीधारी शिखांना सूट आहे. हेल्मेटसक्तीने संचारस्वातंत्र्यावर घाला येतो, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळली. पण न्यायालयाने फेटाळले म्हणून पुणेकर थोडाच ऐकतो! १ जानेवारी २०१९ पासून शहरात सक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा विरोधाच्या फेऱ्या निघाल्या. आधी रस्त्यांतले खड्डे बुजवा, मग आमच्या डोक्याकडे बघा, असा मंडळींचा सवाल होता. मीही त्या दिवसांत शिक्षकांच्या खोलीत याच बाजूने मोठ्याने बोलत असे. फ्रेड हिलची गोष्ट मी वर्गात मुलांनाही रंगवून सांगितली.

पुढे त्याच वर्गातला एक मुलगा, नोकरीला लागल्यावर, रात्री खड्ड्यात गाडी आदळून पडला. हेल्मेट त्याच्याजवळ होते. ते गाडीच्या आरशाला अडकविलेले होते. तो वाचला, पण सहा महिने त्याला बोलता आले नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची आई त्याला चमच्याने पेज भरवीत होती. “सर, बसा ना,” एवढेच त्या म्हणाल्या. माझ्या गोष्टीमुळे त्याने हेल्मेट काढले होते, असे मी म्हणत नाही. तरुण पोरे शिक्षकांचे इतके कोठे ऐकतात? तरी त्या दिवशी मला बसवले नाही.

घरी परतताना अमेरिकेतील एका जुन्या निकालाची आठवण झाली. १९७२ साली मॅसॅच्युसेट्समधील न्यायाधीशांनी लिहिले होते, त्याचा मथितार्थ असा: स्वार पडला की त्याला रस्त्यावरून समाजच उचलतो, समाजच इस्पितळात नेतो, आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या घरादाराचा भारही समाजावरच येतो. तेव्हा इजा त्याची एकट्याची, हे म्हणणे खरे नाही. मिल्लच्या पुस्तकाला त्या माउलीच्या हातातल्या चमच्याने माझ्यापुरते उत्तर दिले.

म्हणून काय फ्रेड हिल चुकला? तसेही मला म्हणवत नाही. त्याने पळवाट शोधली नाही, चौकात पोलीस दिसताच गल्लीत गाडी घातली नाही. न पटणारा कायदा त्याने उजेडात मोडला आणि त्याची किंमत स्वतः मोजली. ब्रिटनमधील स्वार दर फेब्रुवारीत त्याच्या स्मरणार्थ फेरी काढतात, ते त्या निष्ठेला वंदन असते. आपला माळ्यावरचा टोप मात्र सत्याग्रह नव्हे. तो आळस आहे.

आणि खड्ड्यांचा सवाल? तो शंभर नंबरी खरा आहे. युरोपातील दुचाकीस्वारांच्या संघटना रस्त्याकडेचे लोखंडी कठडे स्वाराचा जीव घेणारे नसावेत म्हणून वर्षानुवर्षे झगडत आल्या आहेत. स्वाराचा हक्क म्हणतात तो हाच. चांगला रस्ता मागणारे डोके शाबूत मात्र राहिले पाहिजे.

यंदा पाडव्याला कोणाच्या घरी नवी गाडी आली तर एक करावे. हार गाडीला घालावा, आणि हळदकुंकवाचे एक बोट त्या टोपालाही लावावे.