रेशीममार्ग : न पोहोचलेल्या पत्रापासून मालगाडीपर्यंत

१/ इ.स. १९०७. चीनच्या वायव्येस दुनहुआंगनजीक एका ओसाड टेहळणी बुरुजात ऑरेल स्टाइन यांना घड्या घातलेले काही कागद सापडले. भाषा सोग्दी, म्हणजे समरकंदच्या व्यापाऱ्यांची. काळ चौथ्या शतकाचा आरंभ. ती पत्रे होती, आणि ती कधीच पोहोचली नव्हती.

२/ त्यांतील दोन पत्रे मिवनाय नावाच्या स्त्रीची. नवऱ्याने वाऱ्यावर सोडलेली ही बाई मुलीसह तीन वर्षे दुनहुआंगमध्ये अडकून पडली होती. अखेर मायलेकींवर परक्या घरी चाकरी करण्याची पाळी आली. रेशीममार्ग म्हटले की उंटांचे तांडे आठवतात. मिवनाय आठवत नाही.

३/ या मार्गाचा आरंभही व्यापारातून झाला नाही. इ.स.पू. १३८ मध्ये हान सम्राट वू याने श्योंगनूंविरुद्ध मित्र शोधण्यासाठी झांग छियान यास पश्चिमेकडे धाडले. तो सुमारे दहा वर्षे श्योंगनूंच्या कैदेत राहिला. निघताना सोबत शंभराहून अधिक माणसे होती. परतताना त्यांतला एकच साथीदार उरला होता.

४/ मुळात हा एक रस्ता नव्हताच. ते वाटांचे जाळे होते. चीनपासून भूमध्य समुद्रापर्यंत प्रवास करणारा व्यापारी विरळा. माल हातोहात पुढे सरके. त्याच वाटांनी बौद्ध धर्म पूर्वेस गेला आणि कागद पश्चिमेस आला.

५/ ‘रेशीममार्ग’ हे नाव रूढ केले जर्मन भूगोलज्ञ फर्डिनांड फॉन रिश्टहोफेन याने, १८७७ मध्ये. चीनमध्ये तो कोळशाचे साठे धुंडाळत होता आणि चीन-युरोप रेल्वेचा विचार मांडत होता. म्हणजे या नावाच्या जन्मकाळीच भूतकाळाबरोबर भविष्याचा आराखडाही हजर होता!

६/ ७ सप्टेंबर २०१३ रोजी शी जिनपिंग यांनी कझाकस्तानची राजधानी अस्ताना येथे ‘रेशीममार्ग आर्थिक पट्ट्या’ची घोषणा केली. आज सीमेवरील खोर्गोस येथे १४३५ मिमी रुळांवरील चिनी गाड्यांचे कंटेनर क्रेनने उचलून १५२० मिमी रुळांवरील गाड्यांवर ठेवले जातात. माल आजही हात बदलतो. फक्त हात पोलादाचे झाले.

७/ मात्र एक भेद मूलभूत आहे. जुन्या जाळ्याला एकच मालक नव्हता. नव्या योजनेला केंद्र आहे, कर्ज आहे, करार आहेत. २०१७ मध्ये श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले. चीन-पाकिस्तान मार्गिका गिलगिट-बाल्टिस्तानातून जाते, म्हणून भारताने त्याच वर्षीच्या बीजिंग परिषदेकडे पाठ फिरवली.

८/ ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द म्हणूनच जपून वापरावा. जे जसे नव्हतेच, ते पुन्हा जिवंत कसे होणार? कोणत्याही महामार्गाचा इतिहास वाचताना किती माल गेला हे पाहावेच. पण त्या वाटेवर कोण अडकून पडले, हेही विचारावे. मिवनायचे पत्र सुमारे सतराशे वर्षे हेच विचारत आहे.