बोथट टोकाची गोष्ट

लहानपणी उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो. आभाळात तारा तुटला की दादी म्हणायची, "फरिश्त्यांनी सैतानाला अंगार फेकून मारला." शेजारच्या गच्चीवरच्या काकू हात जोडून म्हणायच्या, "कुणाचा तरी जीव गेला." पुढे शाळेत मास्तरांनी सांगितलं, तो तारा नसतोच. आकाशातून येणारा दगड असतो, हवेत शिरताना तापून जळतो. दगडाचं हे असं, तर अंतराळात गेलेला माणूस परत कसा येतो, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला.

मी कविता लिहिणारा माणूस, तोही बी.ए. झालेला. विज्ञान मला शब्दांच्या वाटेने भेटतं. या प्रश्नाचं उत्तर शोधताना भेटलेला शब्द होता 'बोथट'. आपल्या भाषेत या शब्दाला मान नाही. बुद्धी तीक्ष्ण हवी, नजर धारदार हवी. बोथट म्हटलं की निकामी. पण अंतराळातून माणसं जिवंत परत आली ती बोथटपणाच्या आधाराने. ते ओळखणाऱ्या अभियंत्याचं नाव एच. ज्युलियन ॲलन.

ॲलनचा जन्म १९१० चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकून १९३६ मध्ये तो एनएसीए या सरकारी विमानविद्या संस्थेत लागला. हीच संस्था १९५८ मध्ये नासा झाली. १९४० मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या नव्या एम्स प्रयोगशाळेत आला. (हे एम्स म्हणजे दिल्लीचं रुग्णालय नव्हे!) विमानाच्या पंखाचा आकार कसा असावा, यावर त्याने सुरुवातीची वर्षं घालवली. मग ध्वनीपेक्षा वेगवान हवेचा अभ्यास आला. त्यासाठी त्याने एक अजब बोगदा सुचवला. एका बाजूने ध्वनीपेक्षा वेगवान वारा सोडायचा आणि समोरून त्या वाऱ्यात बंदुकीने छोटं मॉडेल झाडायचं. दोन्ही वेगांची बेरीज होते आणि मॉडेलभोवतीच्या हवेची छायाचित्रं घेता येतात. १९४९ मध्ये हा बोगदा सुरू झाला.

त्या काळात अमेरिका आणि रशिया लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या मागे होते. क्षेपणास्त्र वर जाईल, पण खाली येताना त्याच्या टोकात ठेवलेला अणुबॉम्ब हवेत शिरताच जळून जाईल, त्याचं काय? सगळ्यांच्या चित्रांत टोक सुईसारखं होतं. विमान जितकं वेगवान तितकं टोकदार, हे तोवरच्या अनुभवाने शिकवलेलं. म्हणून सगळे न वितळणारा धातू शोधत होते.

ॲलनने धातू बाजूला ठेवला आणि हिशोब मांडला. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो. या वेगाने मुंबईहून पुणं वीस सेकंदांत येईल. वस्तूच्या एकेका किलोमागे इतकी ऊर्जा साठलेली असते की, तिच्यात दहा लिटरहून अधिक पाण्याची वाफ होईल. खाली येऊन थांबायचं तर ही सगळी ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. तिला जागा दोनच : ती वस्तू, नाहीतर हवा. मग ती हवेलाच का देऊ नये?

नदीतली होडी आठवा. टोकदार होडी पाणी कापत जाते आणि पाणी तिच्या अंगाला घासत राहतं. सपाट तोंडाचा तराफा पाणी पुढे ढकलतो, त्याच्यासमोर पाण्याचा फुगवटा उभा राहतो. हवेतही तसंच. टोकदार वस्तूला हवा घासते आणि त्या घर्षणाची उष्णता तिच्या अंगात शिरते. बोथट वस्तूसमोर दाबलेल्या हवेची जणू भिंत तयार होते, तिला शॉक वेव्ह म्हणतात. ही भिंत वस्तूला न चिकटता थोडी पुढे उभी राहते. बहुतेक उष्णता त्या हवेतच निर्माण होते आणि हवेबरोबर मागे वाहून जाते. शिवाय बोथट वस्तूचा वेग उंचावरच्या विरळ हवेतच कमी होऊ लागतो.

हा विचार ॲलनने १९५१-५२ च्या सुमारास मांडला. आल्फ्रेड एगर्स या सहकाऱ्याबरोबर त्याचं गणित पुरं केलं. १९५३ चा तो अहवाल गुप्त होता, सर्वांसाठी तो १९५८ मध्ये छापला गेला. त्याच्या नावातच 'बॅलिस्टिक मिसाइल' हे शब्द आहेत, माणसाचा उल्लेख नाही. इथे माझ्यातला कवी अडखळतो. एखाद्या शहरावर बॉम्ब न जळता पोहोचावा, म्हणून हे गणित झालं होतं.

पण तेच गणित माणसांच्या कामी आलं. मॅक्स फॅजेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मर्क्युरी यानाचा आकार घंटेसारखा ठेवला आणि ते रुंद बुडाकडून हवेत शिरेल अशी योजना केली. १२ एप्रिल १९६१ ला गागारिन ज्या कुपीतून आला, ती तर चेंडूसारखी गोल होती. देश वैरी असले तरी हवेचा नियम दोघांना एकच. २० फेब्रुवारी १९६२ ला जॉन ग्लेन परतत असताना, त्याच्या यानाची उष्णतारोधक ढाल सैल झाल्याचा संकेत जमिनीवर आला. खिडकीबाहेर पेटते तुकडे उडताना ग्लेन पाहत होता. संकेत खोटा ठरला. ढाल जागेवर होती, माणूस घरी आला.

ॲलन १९६५ ते १९६९ एम्सचा संचालक होता, १९७७ मध्ये तो वारला. त्याच एम्समध्ये १९८८ पासून कर्नालची एक मुलगी, कल्पना चावला, हवेच्या प्रवाहाचं संशोधन करत होती. १ फेब्रुवारी २००३ ला ती कोलंबिया यानातून परतत होती. ते यानही नाक वर धरून, रुंद पोटाकडूनच हवेत शिरायचं. पण उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा आदळून डाव्या पंखाच्या कडेला भोक पडलं होतं. त्यातून तापलेली हवा आत शिरली आणि सातही जण गेले. आकार बरोबर होता, ढाल फुटली होती. मागे वाहून जायची ती आग आत आली.

त्यानंतर आपल्या इस्रोने जानेवारी २००७ मध्ये ५५० किलोची कुपी कक्षेतून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरवली. तिचंही नाक बोथटच. १५ जुलै २०२५ ला शुभांशु शुक्ला कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात उतरले, तेही रुंद बुडाच्या कुपीतून.

आजही तारा तुटताना दिसला की दादी आणि काकू दोघी आठवतात. आता त्यांच्या जोडीला ॲलन आठवतो. त्याने आगीशी झुंज घेतली नाही, तिला बाजूने जायला वाट करून दिली. बॉम्बसाठी केलेलं ते गणित आजवर किती आयांची लेकरं घरी घेऊन आलं, ते मी मोजत बसतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)