खेकडा तेजोमेघाचा अदृश्य प्रकाश

इ. स. १०५४ च्या जुलै महिन्यांत वृषभ राशींत एक नवा तारा प्रकट झाला व तो २३ दिवस भर उन्हांतहि दिसत होता, अशी नोंद चिनी ज्योतिष्यांनीं करून ठेविली आहे. वस्तुतः तो जन्म नव्हे, एका ताऱ्याचें मरण होतें. त्या स्फोटाचा अवशेष म्हणजेच खेकडा तेजोमेघ. १९६८ सालीं त्याच्या गर्भांत एक पल्सार, म्हणजे स्पंदक तारा, सांपडला. सूर्याहून अधिक वस्तुमान सुमारें २० किलोमीटर व्यासांत सांठविणारा हा गोळा सेकंदाला ३० वेळां स्वतःभोंवतीं फिरतो.

या तेजोमेघांतून अतिप्रखर गामा किरण येत असावेत, असें अनुमान कोक्कोनी या इटालियन शास्त्रज्ञानें १९५९ सालींच केलें होतें. या किरणांच्या एकेका कणाची ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या कणाहून शेंकडों अब्जपट असते; परंतु ते जमिनीपर्यंत पोंचत नाहींत. वातावरणांत शिरतांच त्यांच्यापासून कणांचा वर्षाव होतो आणि सेकंदाचे कांहीं अब्जांश टिकणारी निळसर चमक उमटते. वर्षावांची अशी चमक पकडतां येते, हें गॅलब्रेथ व जेली यांनीं १९५२ सालीं इंग्लंडांत दाखविलें. त्यांचें साधन काय होतें? केराच्या डब्यांत बसविलेला एक आरसा व एक प्रकाशग्राहक नळी!

मग अडचण कोठें होती? विश्वकिरणांतील प्रोटॉनहि तशीच चमक उत्पन्न करतात, आणि त्यांची संख्या कितीतरी अधिक. गर्दींतून एकच ओळखीचा आवाज निवडण्यासारखें हें काम. क्रायमियांत चुडाकोव्ह यांनीं आरसे मांडून पाहिले. हातीं कांहीं लागलें नाहीं. १९६८ सालीं ॲरिझोनांत १० मीटर व्यासाची दुर्बीण उभी राहिली. १९६९ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ उटीला याच मार्गानें स्पंदकांचा शोध घेऊं लागले. या काळांत यशाचे दावे अनेक झाले, पण त्यांतील बरेच कसोटीस उतरले नाहींत, आणि ही विद्याच संशयास्पद ठरते कीं काय, असें वाटूं लागलें.

१९८५ सालीं हिलास यांनीं गणितानें दाखविलें कीं, गामा किरणाच्या चमकेचें चित्र बारीक व लांबट असतें, प्रोटॉनचें विस्कळित. हाच निकष लावून १९८९ सालीं ट्रेव्हर वीक्स व त्यांचे सहकारी यांनीं ॲरिझोनाच्या दुर्बिणीनें खेकडा तेजोमेघाचे गामा किरण निःसंशय ओळखले. विशेष हें कीं, त्यांत ताऱ्याचें स्पंदन आढळलें नाहीं. अर्थात् हे किरण ताऱ्यापासून नव्हे, तर त्याच्या सभोंवारच्या प्रदेशांतून येत होते. स्पंदकापासून सुटलेले अतिवेगवान इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन तेथील मंद प्रकाशकणांस धक्का देतात आणि त्यांचेच गामा किरण करतात.

ज्या देशानें तो तारा नोंदला, त्याच देशांतील वेधशाळेनें २०२१ सालीं याच तेजोमेघाचा याहूनहि सुमारें हजारपट ऊर्जेचा एक किरण जाहीर केला. आपल्या लडाखांतील हानले येथें ४,२७० मीटर उंचीवर, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या २१ मीटर व्यासाच्या दुर्बिणीचें २०२४ सालीं उद्घाटन झालें. अनुमान आणि पुरावा यांत येथें ३० वर्षांचें अंतर पडलें. तेवढा काळ धीर न सोडणाऱ्यांनीं विज्ञानाचें एक नवें दालन उघडलें.