पन्नाशीनंतर परदेशात शिकवणं : प्रश्न कुणाच्या बाजूने विचारायचा?

दिवाळीत नागपूरला गेले होते तेव्हा शाळेतल्या इंग्रजीच्या बाई भेटल्या. वयाच्या ५८ व्या वर्षी नियमाप्रमाणे निवृत्त झाल्या, पण शिकवण्याची हौस तशीच आहे. म्हणाल्या, "तू इतिहासात पीएच.डी. करतेस ना? मग सांग, या वयात बाहेरच्या देशात इंग्रजी शिकवायला कुणी घेतं का?"

मी फुशारकीने म्हणाले, "का नाही घेणार, बाई? आपले खानखोजे नाही का गेले!"

घरी येईपर्यंत लक्षात आलं की मी चुकीचं उत्तर दिलं. उदाहरण खरं होतं, पण ते बाईंच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. संशोधनाला सुरुवात करताना ही चूक आपल्या सगळ्यांकडून होते, म्हणून आज तिच्याबद्दल लिहिते.

आधी उदाहरण नीट पाहू. पांडुरंग सदाशिव खानखोजे मूळचे वर्ध्याचे. तरुणपणी देश सोडला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत होते, पहिल्या महायुद्धात इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढले, पुढे जर्मनीत राहिले. १९२४ मध्ये मेक्सिकोला पोहोचले तेव्हा वय चाळिशीच्या आसपास होतं. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलं आहे. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि १९५५ पासून नागपुरात राहिले. १९६७ मध्ये इथेच गेले.

ही गोष्ट आपण साधारणपणे "जिद्द असेल तर वय आडवं येत नाही" अशी सांगतो. ऐकायला छान वाटतं. पण संशोधक म्हणून तुम्ही इथे थांबलात, तर हातात चरित्र येतं, कारण येत नाही. जिद्दी माणसं त्या काळात पुष्कळ होती. मग यांनाच जागा का मिळाली?

आता तीच गोष्ट मेक्सिकोच्या बाजूने बघा. १९१० मध्ये तिथे क्रांती सुरू झाली. १९१७ च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी वाटण्याचा रस्ता मोकळा केला. जमीन हातात आलेल्या माणसाला शेतीचं नवं शिक्षण द्यायचं, तर शिक्षक लागणार. चापिंगो हीसुद्धा आधी एक मोठी जहागीर होती, आणि कृषी विद्यालय तिथे हललं ते खानखोजे पोहोचले त्याच सुमाराला. शिवाय अमेरिकेत असताना मेक्सिकन क्रांतिकारकांशी त्यांच्या ओळखी झाल्या होत्या. म्हणजे गरज, विद्या आणि ओळख या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळल्या. वय तिथे कुणी मोजलं नाही, कारण मोजण्याची चैन परवडणारी नव्हती.

एका उदाहरणावर सिद्धान्त उभा राहत नाही, म्हणून दुसरं घेऊ. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी (जन्म १८७६). १९२९ मध्ये पन्नाशी ओलांडल्यावर ते पाली शिकवायला लेनिनग्राडला गेले. तिथे श्चेरबात्स्कींच्या पुढाकाराने बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था नुकतीच उभी राहिली होती. पालीचा असा जाणकार सहज मिळण्यासारखा नव्हता. इथेही दार आतून उघडलं गेलं.

पण या दोघांपैकी कुणीच इंग्रजी शिकवायला गेलं नव्हतं. बाईंचा प्रश्न इंग्रजीचा होता. त्यासाठी इथिओपियाकडे जावं लागतं.

इटलीने १९३६ ते १९४१ हा देश व्यापला होता. १९३७ च्या हत्याकांडात आणि त्यानंतरच्या दडपशाहीत शिकलेल्या इथिओपियन तरुणांची एक पिढीच कापली गेली. सम्राट हैले सेलासी परत आल्यावर शाळा वाढवायच्या होत्या, माध्यमिक शिक्षण इंग्रजीतून द्यायचं होतं, आणि शिकवायला माणसं नव्हती. तेव्हा भारतातून मोठ्या संख्येने शिक्षक नेले गेले. त्यांत केरळचे पुष्कळ होते, आणि आपले दिलीप चित्रेही. १९६० पासून तीन वर्षं ते तिथे शाळेत शिकवत होते. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा आहे का, असं विचारून तेव्हा भारतीयाला परत पाठवलं जात नव्हतं.

मात्र सावध! चित्रे १९३८ चे. म्हणजे तेव्हा ते विशी-बाविशीत होते. "भारतीयाला इंग्रजी शिकवायला बोलावत होते" यासाठी त्यांचं उदाहरण चालेल. "उतारवयातही बोलावत होते" यासाठी चालणार नाही. एकच उदाहरण दोन दाव्यांना वापरण्याचा मोह तुम्हाला होईल. गाईडने लाल पेन उचलण्याआधी तुम्हीच तो मोडा.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे, आपल्यापर्यंत नावं पोहोचतात ती गेलेल्यांची. अर्ज करून नाकारले गेले त्यांची भित्तिचित्रं होत नाहीत. त्यामुळे यशस्वी तीन माणसं पाहून "जमतं" म्हणणं म्हणजे निकालाच्या यादीत फक्त पास झालेली नावं वाचण्यासारखं आहे.

आता आजचं घ्या. इंग्रजी शिक्षकांना मोठी मागणी असलेल्या दक्षिण कोरियात या कामाचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. तिथे गरज आहे, पण ती पासपोर्टच्या चाळणीतून येते. बाईंनी तीस वर्षं मराठी घरांतल्या मुलांना इंग्रजी बोलतं केलं, ही त्यांची खरी विद्या. ती या चाळणीत दिसतच नाही.

म्हणून तुमचा विषय कोणताही असो, स्थलांतर, शिक्षण किंवा भाषा, वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे "जाणाऱ्याकडे काय होतं", उजवीकडे "घेणाऱ्याला काय हवं होतं". बहुतेक चरित्रं डावा रकाना भरून देतात. उजवा तुम्हाला भरायचा असतो, आणि त्यासाठी त्या देशाचे कायदे, शाळांचे अहवाल, भरतीच्या जाहिराती वाचाव्या लागतात. संशोधन प्रश्न बहुधा तिथेच सापडतो.

परवा बाईंना फोन केला आणि आधीचं उत्तर मागे घेतलं. हे सगळं सांगितलं. त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मला घेतील का, हे विचारायचं नाही. माझ्यासारखीची गरज कुठे आहे, ते शोधायचं." मी हो म्हणाले. ती जागा कुठे आहे, हे मला त्यांना सांगता आलं नाही. पण पुढच्या रविवारी आम्ही दोघी वही घेऊन बसणार आहोत, आणि सुरुवात उजव्या रकान्यापासून करणार आहोत.