प्रबंधाचा खर्डा आणि मार्गदर्शक

संशोधक विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांच्यातील व्यवहार विसाव्या शतकाचा बहुतेक काळ कागदी प्रतीवर चालत असे, आणि अंतर वाढले की त्याची गती टपालावर अवलंबून राही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला १९२२ मध्ये सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला, तेव्हा ते १९२३ मध्ये मुंबईस परतले आणि सुधारित प्रबंध त्यांनी तेथून लंडनला पाठविला. त्याच वर्षाअखेर तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी आपले मतभेद न लपवता त्यास प्रस्तावना लिहिली. मतभेद असे छापून राहिले, परंतु फेरलेखनात कोणते वाक्य का बदलले, हे त्या छापील पानांवरून कळत नाही.

संगणकावर एकाच मजकुरावर दोघांनी एकाच वेळी काम करण्याचे प्रात्यक्षिक अभियंते डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे दाखविले होते. मात्र दोघांनी एकाच ओळीत एकदम बदल केल्यास मजकूर विसंगत होऊ नये, यासाठी एकाचा प्रत्येक बदल दुसऱ्याच्या बदलानुसार जुळवून घेण्याची रीत क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९ मध्ये मांडली. पुढे २००५ च्या ‘रायटली’ या लेखनसेवेपासून, जी गूगलने २००६ मध्ये विकत घेतली, असे लेखन सामान्य ब्राउझरमध्ये आले. मराठी प्रबंधांना युनिकोड या सामायिक अक्षर-संकेतप्रणालीचीही गरज होती, कारण जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचताच येत नसे.

ही साधने सहकाऱ्यांसाठी घडली होती. मार्गदर्शनाचे नाते मात्र बरोबरीचे नसते, आणि खरा बदल येथेच झाला. पूर्वी विद्यार्थी आपल्या मते वाचण्याजोगे झालेलेच प्रकरण पुढे ठेवी, तर सामायिक दस्तऐवजात अर्धवट परिच्छेदही मार्गदर्शकाला दिसू शकतो. विचार घडत असतानाच चूक सापडणे हा यातला मोठा लाभ आहे, परंतु एकांतात चुकण्याची मोकळीक संशोधकाला तितकीच आवश्यक असते. मूळ वाक्य न पुसता बदल सुचविण्याची सोय गूगल डॉक्समध्ये २०१४ साली आली, आणि मार्गदर्शनासाठी तीच सर्वांत मोलाची ठरते, कारण तीत अंतिम निर्णय विद्यार्थ्याकडे सोपविता येतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंधांच्या डिजिटल प्रती ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात जमा होऊ लागल्या. तेथे पोहोचते ती अंतिम प्रत. समासातील चर्चा आणि मजकुराच्या जुन्या आवृत्त्या खातेदाराच्या खात्यातच राहतात.